कुरुळीच्या लोहारसाळेचा फोटो

पिंपरीच्या कॅम्पात एक सिंधी म्हातारा राहायचा. फाळणीत घरदार सोडून आलेला. बराकीतल्या एका खोलीत सहा माणसं, आणि दाराशी त्याची सून शिवणाचं मशीन घेऊन बसायची. ते मशीन अडलं तेव्हा कुणीतरी मला तिथं नेलं. औषधांचा कारखाना तेव्हा नुकता सुरू झाला होता. तिथं मी फिटरच्या हाताखाली होतो, आणि रविवारी लोकांच्या बिघडलेल्या वस्तू उघडून बसायची मला खोड होती. दोन रविवार खपून मी मशीन चालू केलं. म्हाताऱ्यानं ट्रंकेतून एक काळा डबा काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"ले जा," तो म्हणाला. "मेरे को अब किसका फोटो निकालना है."

तो डबा म्हणजे कॅमेरा. पाठीला लाल काचेची बारीक खिडकी. त्यात आकडा बघायचा आणि बाजूची चावी फिरवून फिल्म पुढं सरकवायची. एका रिळात आठ फोटो. म्हाताऱ्यानं सगळं समजावून सांगितलं, आणि उन्हात पाठ उघडायची नाही हे दोनदा सांगितलं.

आम्ही चिंचवडगावात एका खोलीत राहायचो. मी आणि बायको. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी मूळचा नगर जिल्ह्यातला, जातीनं लोहार. वडिलांच्या ऐरणीवर मी दहा वर्षं घण मारला आणि कंटाळून इकडं आलो. कारखान्यात भोंगा झाला की काम सुरू, भोंगा झाला की बंद, हे मला फार आवडायचं. बायको कुरुळीची. तिच्या वडिलांची लोहारसाळ पुणे-नाशिक रस्त्याला लागूनच होती. त्यांना मी मामा म्हणायचो. ती आबा म्हणायची.

कॅमेरा आल्यावर मी पहिलं रीळ बायकोचे फोटो काढायला आणलं, पण ती काही कॅमेऱ्यासमोर उभी राहीना. "माझं काय काढता," म्हणायची. मग मी सायकल काढून रस्त्यावर हिंडू लागलो. त्या वर्षी रस्त्याची मापं चालली होती. रस्ता रुंद होणार, असं सगळे म्हणत. वडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे टाकले होते, आणि घरांच्या, टपऱ्यांच्या भिंतींवर लाल रेघा. लाल रेघ दिसली की मी थांबायचो आणि फोटो काढायचो. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. बहुतेक, जे जाणार आहे ते आपल्याला आधी कळलंय, यात मला मोठेपणा वाटत असावा. भोसरीच्या अलीकडचं चहाचं छप्पर, गाडीवाले मुक्काम करायचे ती दगडी पडवी, उन्हाळ्यात पाणपोईचे रांजण ठेवायचे तो पार. माणसं विचारायची, "साहेब, हे कशाला?" मी साहेब नव्हतो. पण नाही म्हणून सांगायचो नाही.

मामांच्या साळेवर लाल रेघ आली ती दसऱ्याच्या आधी.

साळ म्हणजे वडाखाली चार मेढी, वर पत्रा, मागं दगडांची कमरेएवढी भिंत. आत भाता, ऐरण आणि पाण्याचं दगडी टाकं. नाशिककडनं येणाऱ्या बैलगाड्या तिथं थांबायच्या. चाकाची लोखंडी धाव ढिली झाली की मामा ती काढून, तापवून, पुन्हा बसवून द्यायचे. बैलांना नाल ठोकायचे. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं. कागद मात्र कुणाकडंच नव्हता. जागा रस्त्याच्या हद्दीत होती आणि ते मामांना पहिल्यांदाच कळलं होतं.

गावातल्या मास्तरांनी त्यांना अर्ज लिहून दिला. साळ किती जुनी आहे, गाडीवाल्यांची सोय कशी होते, साळ ठेवावी, नाहीच तर रस्त्याकडेलाच दुसरीकडं जागा द्यावी, असं सगळं. मास्तर म्हणाले, नुसत्या अर्जाला कुणी विचारत नाही, सोबत फोटो जोडा. तेव्हा मामांना मी आठवलो.

ते स्वतः एसटीनं चिंचवडला आले. खोलीत बसले, पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या त्या डब्यानं एवढं एक काम करा. साळ चालू हाय, बंद न्हाई, हे सायबाला दिसलं पायजे."

"काढतो की," मी म्हणालो. "त्यात काय."

पुढच्या रविवारी मी गेलो. बायको आधीच माहेरी जाऊन राहिली होती. मामांनी त्या दिवशी जी तयारी केली होती ती माझ्या लग्नातही नव्हती. दाढी केलेली, फेटा नवा. साळेपुढची जागा शेणानं सारवलेली. खरं म्हणजे त्यांच्याकडं तेव्हा फारसं काम उरलं नव्हतं. माल ट्रकनं जाऊ लागला होता, आठवड्यातून चार गाड्या थांबल्या तरी पुष्कळ. पण फोटोत काम दिसायला हवं म्हणून त्यांनी गावातल्या एका शेतकऱ्याची गाडी मागून आणली होती आणि तिच्या दोन्ही चाकांच्या चांगल्या घट्ट धावा उतरवून ठेवल्या होत्या.

गोवऱ्यांच्या रिंगणात धाव तापवत ठेवली. ती लाल झाली तशी मामांनी आणि दोन गड्यांनी सांडशीनं उचलली आणि लाकडी चाकावर बसवली. लाकडानं धूर सोडला. मामांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घागरीनं पाणी ओतलं. वाफ उठली, धाव कडकड आवाज करत आवळली. मी एका बाजूनं काढला, दुसऱ्या बाजूनं काढला. मग मामा ऐरणीशी उभे राहिले, घण खांद्यावर घेऊन. कधी नाही ती बायकोसुद्धा भात्याशी जाऊन बसली, लहानपणी बसायची तशी. आठवा फोटो साळेचा, रस्त्यापलीकडून, वडासकट. बाजूनं जाणारी माणसं थांबली होती. माझ्याही अंगात आलं होतं. मी मामांना हात करून सरका म्हणत होतो, मान वर करा म्हणत होतो, आणि ते माझं ऐकत होते.

"निघालं का चांगलं?" मामांनी विचारलं.

"एक नंबर," मी म्हणालो.

जेवून मी सायकलनं परत निघालो. चिंबळी मागं टाकली, इंद्रायणीच्या पुलावर आलो. आठ फोटो झाले की चावी फिरवत राहायची, म्हणजे सगळी फिल्म दुसऱ्या रिळावर गुंडाळून होते. ते काम राहिलं होतं म्हणून मी पुलाच्या कठड्याशी थांबलो. चावी अर्ध्यात अडकली. जोर लावला तरी फिरेना. मी फिटर माणूस. अडलेली वस्तू उघडून बघायची, एवढंच मला येत होतं. कठड्याच्या सावलीत धरून मी डब्याची पाठ उघडली.

फिल्म रिळावर सैल गुंडाळली गेली होती. मी ती बोटानं आवळली, नीट बसवली, पाठ बंद केली. पाच मिनिटंही लागली नसतील. म्हाताऱ्याचं बोलणं मला आठवलं नव्हतं असं नाही. मला वाटलं, सावली आहे.

चिंचवड स्टेशनजवळच्या फोटोवाल्याकडं रीळ धुवायला दिलं. दोन दिवसांनी त्यानं फिल्मची पट्टी उजेडात धरून दाखवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी. फक्त एका कडेला काहीतरी पुसट होतं. ती वडाची फांदी असेल, नाहीतर वाफ.

"पाठ उघडली होतीत?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

त्याच्याशी खोटं बोलायचं मला काहीच कारण नव्हतं. पण एकदा तिथं नाही म्हटलं आणि पुढचं सोपं होत गेलं.

मी पुन्हा जाऊन फोटो काढणार होतो, हे खरं आहे. पुढच्या रविवारी कारखान्यात ओव्हरटाइम लागला. त्याच्या पुढच्या रविवारी नवं रीळ मिळालं नाही. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की पुन्हा जायचं तर मामांना सांगावं लागणार होतं. पुन्हा धाव तापवा, पुन्हा फेटा बांधा, पुन्हा कुणाची गाडी मागून आणा. कारण माझ्या हातून वाया गेलं. ते माझ्या तोंडून निघेना. इतक्यात मामांनी एकाच्या हाती अर्ज पाठवला आणि निरोप दिला की तो द्यायची मुदत संपत आलीय, तुम्ही पुण्यात जाऊन फोटोसकट देऊन या.

मी रजा टाकून रस्त्याच्या ऑफिसात गेलो. अर्ज दिला. कारकुनानं तो घेतला, शिक्का मारला आणि एका गठ्ठ्यावर ठेवला.

"याच्यासोबत फोटो जोडायचा होता," मी म्हणालो. "चार दिवसांत आणून दिला तर चालेल का?"

"फोटो कशाला?" तो म्हणाला. "नकाशावर रेघ आली ती आली. फोटोनं रेघ हलते का?"

बाहेर पडताना मला सुटल्यासारखं वाटलं. फोटो असता तरी काही झालं नसतं, म्हणजे माझा दोष राहिला नाही. परतताना मी असाच हिशेब करत होतो.

दिवाळीला कुरुळीला गेलो. मामा वाटच बघत होते. त्यांनी विचारलं, "फोटू दिला?"

"दिला."

"सायबानं बघितला?"

"बघितला," मी म्हणालो. आणि समोर त्यांचा चेहरा तसा असताना तेवढ्यावर थांबवेना, म्हणून पुढं म्हणालो, "साहेब म्हणाले, काम चांगलं दिसतंय."

मामा हसले. त्यांनी ते वाक्य गावभर सांगितलं. मास्तरांना, गाडी देणाऱ्या शेतकऱ्याला, पारावर बसणाऱ्यांना. साहेब म्हणालेत, काम चांगलं दिसतंय.

आता जे झालं ते सांगायला मला अजून जड जातं. गावातल्या एका जुन्या घरच्या माणसानं चावडीमागची आपली मोकळी जागा मामांना देऊ केली होती. "तिकडं रस्ता हाय, आज ना उद्या जाणार," तो त्यांना म्हणाला होता. "हितं या. वढ्याकडंला हाय, पाणी हाय. नांगराचं, कुळवाचं काम गावात मिळंल." मामा आधी हो म्हणणार होते. साहेबांचं वाक्य ऐकल्यावर त्यांनी सांगितलं, थांबू थोडं, वरनं काहीतरी येतंय. तो दोन महिने थांबला. मग त्या जागेत पिठाची गिरणी आली. हे मला नंतर कळलं. मला कुणी मुद्दाम सांगितलं नाही, सासूबाई बोलता बोलता बोलून गेल्या.

संक्रांतीनंतर एका सकाळी रस्त्याची टोळी कुरुळीत आली. बायको तेव्हा तिथंच होती. सासूबाईंना ताप होता म्हणून गेली होती. मी कारखान्यात होतो. मी पाहिलेलं नाही, तिनं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे.

मुकादमानं मामांना सामान हलवायला सांगितलं. मामांनी सामान हलवलं नाही. ते मुकादमाला शांतपणे म्हणाले, "तुमच्या सायबाकडं आमचा फोटू हाय. एकदा इचारून या." मुकादमाला काही कळेना. टोळीबरोबर एक ओव्हरसियर होता, तो जीपमधून उतरला. मामांनी त्यालाही तेच सांगितलं. त्यानं जवळचे कागद चाळले, त्यात अर्ज होता. म्हणजे अर्ज तिथवर पोचला होता. त्यानं तो मामांना दाखवला. "आजोबा, याला फोटो नाही," तो म्हणाला. "आणि असता तरी काय केलं असतं आम्ही?"

"हाय," मामा म्हणाले. "बघा नीट. चाकाचा हाय, धाव बसवतानाचा."

त्यानं पुन्हा एकदा कागद उलटेपालटे करून दाखवले. बायको म्हणाली, तो माणूस वाईट नव्हता. शेवटी मामांनी स्वतःच ऐरण उचलायला हात घातला.

ती त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं चिंचवडला आली. मी शिफ्ट संपवून आलो तर ती खोलीच्या उंबऱ्यावर बसलेली. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही फोटो दिला होतात ना?"

मी सायकल भिंतीला लावली.

"दिला होतात ना, एवढंच सांगा."

मग मी सांगितलं. पूल, चावी, काळी फिल्म, कारकून. ती ऐकत होती. मधे तिनं एकदाच विचारलं, "मी भात्याशी बसले होते, तोही?" मी हो म्हणालो.

मी म्हणालो, "उद्या जाऊन आबांना खरं सांगतो."

"नका सांगू," ती म्हणाली. "त्यांना वाटतंय साहेबानं हरवला. वाटू द्या. साहेब लांब असतो, त्याच्यावर राग धरून माणूस जगू शकतं. तुमच्यावर धरला तर त्यांनी जायचं कुठं?"

त्यानंतर दोन महिन्यांत सासूबाई त्या तापातच गेल्या आणि मामा आमच्याकडं राहायला आले. त्यांना दुसरं कुणी नव्हतं. ऐरण आणि भाता त्यांनी कुरुळीत एकाच्या गोठ्यात ठेवला. सोबत फक्त एक हातोडा आणला.

एका खोलीत तिघं. सकाळी नळाला रांग, मग भोंगा, मग मी बाहेर. मामा दिवसभर काय करायचे ते मला बायकोकडून कळायचं. शेजारच्यांच्या विळ्या, अडकित्ते, स्टोव्हच्या पिना, काय मिळेल ते नीट करून द्यायचे. महिनाभरात आळीतलं सगळं नीट झालं आणि करायला काही राहिलं नाही. मी त्यांना एकदा कारखान्याच्या फाटकावर घेऊन गेलो, वर्कशॉपात काही हलकं काम मिळतं का बघायला. तिथल्या माणसानं त्यांचं वय विचारलं. मामांना नेमकं सांगता आलं नाही. "पलेगाच्या वक्ताला मी चालाय लागलो हुतो," ते म्हणाले. तो माणूस माझ्याकडं बघून हसला आणि आम्ही परत आलो.

रस्त्यानं चालताना ते म्हणाले, "पाव्हणं, एक इचारू? सायबाकडं गेला तो गेला. पर तुमच्याकडं त्याची फिलिम असंल की. त्यातनं दुसरी कापी निघत न्हाई?"

"फिल्मही जोडली होती," मी म्हणालो.

"व्हय का," ते म्हणाले. पुन्हा कधी त्यांनी विचारलं नाही.

मग मी एक वेडेपणा केला. रविवारी त्यांना सोबत घेऊन फोटो काढायला जाऊ लागलो. भोसरी, मोशी, एकदा पार चाकणपर्यंत. मला वाटत होतं, मी काहीतरी फेडतोय. ते बिचारे यायचे. मोशीला रस्त्याकडेला बैलांसाठी दगडी हौद होता, त्यालाही लाल रेघ आलेली. मी मामांना त्याच्याशी उभं केलं. उन्हामुळं त्यांनी डोळे बारीक केले. फोटो काढला. चाकणला गाडीतळावर फार तर तीन गाड्या होत्या, तिथलाही काढला. कुरुळीवरून आम्ही एसटीनंच पुढं गेलो, उतरलो नाही. मामा खिडकीच्या बाजूला बसले होते. वड तोडला होता, तिथं खडीचा ढीग होता.

ते सगळे फोटो चांगले निघाले. मी एकेक त्यांच्या हातात दिला. त्यांनी प्रत्येक फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला, मग गठ्ठा नीट करून माझ्याकडं परत दिला.

"दुसऱ्यांचं समदं आलंय," ते म्हणाले.

ते काय समजून तसं म्हणाले हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. मी बायकोकडं पाहिलं. ती भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

मामा त्यानंतर वर्षभर जगले. कसला मोठा आजार झाला नाही. जेवण कमी होत गेलं, बोलणं कमी होत गेलं. पिंपरीच्या डॉक्टरनं तपासून टॉनिक दिलं. बायको बळेच पाजायची. एका दुपारी मी कामावर असताना ते गेले. कारखान्यात निरोप आला तेव्हा मशीन बंद करून निघायला मला वेळ लागला, आणि मी पोचेपर्यंत आळीतल्या लोकांनी तयारी केली होती.

तेराव्याला कुरुळीची माणसं आली. पूजेला ठेवायला फोटो हवा होता. माझ्याकडं मामांचा एकच धड फोटो होता, मोशीच्या हौदाशी उभे असलेला. स्टेशनजवळच्या त्याच फोटोवाल्याकडून मी त्यातला फक्त चेहरा मोठा करून घेतला. मोठा केल्यावर चेहरा विरल्यासारखा झाला. डोळे बारीक असल्यामुळं दिसतच नव्हते, कपाळावर उन्हाचा पांढरा डाग. मास्तरही आले होते. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "असे नव्हते हो दिसत ते."

मी बायकोला म्हणालो, "नको ठेवूया हा."

तिनं फ्रेमची काच पदरानं पुसली. "ठेवा," ती म्हणाली. "दुसरा कुठं आहे."